शेवटचा मिलिग्रॅम



संयोजकांनी सुचवलेला विषय होता ‘नोबेल मिळालेले नवे पदार्थ’. 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना विभागून मिळाले. त्यांनी घडवलेले हे पदार्थ वाळवंटातल्या हवेतून पाणी कसे काढतात, कार्बन डायऑक्साइड कसा धरून ठेवतात, हे तुम्ही तेव्हा वाचले असेल. ते मी पुन्हा सांगत नाही. मी विषय अरुंद करून घेतला आहे. कारखान्याच्या सांडपाण्यातले शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम या पदार्थांनी काढता येतात का, आणि येत असतील तर हे पदार्थ अजून नाल्याच्या तोंडापर्यंत का पोचले नाहीत? ज्यांच्या नावाने हे व्याख्यान आहे ते आमचे सर असते, तर त्यांनी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली असती. प्रयोग संपल्यावर मोरीत काय ओतले, याची चौकशी ते आधी करत आणि जर्नल मग तपासत.

प्लेटिंगपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे धातू पाण्यात जाण्याची ती अगदी जवळची वाट आहे. भोसरी, वाळूज, अंबरनाथ अशा औद्योगिक वसाहतींत निकेल आणि क्रोम चढवून देणारे जॉबवर्कवाले आहेत. एका शेडमध्ये टाक्यांची रांग असते. भाग टाकीत बुडवायचा, वीज सोडायची, काढायचा, धुवायचा. घोटाळा या धुण्यात आहे. टाकीतून वर काढलेल्या प्रत्येक बोल्टला थोडे द्रावण चिकटून येते आणि ते धुण्याच्या पाण्यात उतरते. याला धंद्यातले लोक ‘ड्रॅग-आउट’ म्हणतात. टाकीतले द्रावण महाग, म्हणून त्याची निगा राखली जाते. धुण्याचे पाणी मात्र वाहून जायलाच असते.

या पाण्यावरचा उपचार जुना आहे आणि तो कामही करतो. सहा संयुजेचा क्रोमियम विषारी आणि पाण्यात सहज विरघळणारा. म्हणून आधी आम्ल घालून सामू 2 ते 3 वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचे. पिवळे-नारिंगी पाणी हिरवट होते, म्हणजे क्रोमियम तीन संयुजेवर आला. मग चुना किंवा कॉस्टिक घालायचे, हायड्रॉक्साइडचा गाळ खाली बसतो, फिल्टर प्रेसमधून त्याची वडी निघते आणि ती घातक कचरा म्हणून तळोजा किंवा रांजणगावला रवाना होते. वरचे पाणी सामायिक सांडपाणी केंद्राकडे जाते. कागदोपत्री चित्र असे आहे आणि प्रामाणिकपणे चालवले तर ते खोटेही नाही.

अडचण शेवटच्या मिलिग्रॅमची आहे. चुना लिटरमागे शंभर मिलिग्रॅमचे दोन मिलिग्रॅम करतो, सांभाळून केले तर एक. त्याखाली त्याचा हात पोचत नाही, कारण हायड्रॉक्साइडसुद्धा थोडे विरघळतेच. शिवाय सगळ्या धातूंना एकच सामू मानवत नाही. क्रोमियम 8 च्या आसपास चांगला बसतो, कॅडमियमला 10 ते 11 लागतो, आणि तितका चुना घातला की बसलेला क्रोमियम पुन्हा विरघळू लागतो. त्यात पाण्यामध्ये ईडीटीए किंवा सायनाइड असेल तर ते धातूला असे कवटाळून बसते की चुन्याची मात्रा चालत नाही.

मग एक-दोन मिलिग्रॅम राहिले तर काय बिघडले? भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात कॅडमियम लिटरमागे 0.003 मिलिग्रॅम चालतो, शिसे 0.01 आणि पारा 0.001. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा पाऱ्याला 0.01, शिशाला 0.1 आणि कॅडमियमला चक्क 2 मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या मर्यादेच्या साडेसहाशे पटींहून जास्त. नदीत गेल्यावर पाणी पातळ होईल, असा त्यामागचा हिशेब. आता दिवसाला एक लाख लिटर पाणी सोडणारा कारखाना घ्या. मर्यादेत राहून, एकही नियम न मोडता, तो रोज 200 ग्रॅम कॅडमियम सोडू शकतो. आणि कॅडमियम हे मूलद्रव्य आहे. शेण सडते, कीटकनाशक तुटते, मूलद्रव्य ना सडते ना तुटते. जपानमधल्या जिंझू नदीच्या काठी कामिओका खाणीतून आलेला कॅडमियम भातशेतीच्या मातीत साठत गेला आणि त्यातून हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा रोग झाला. जपान सरकारने हे कारण 1968 मध्ये मान्य केले. नदीने पातळ केलेले शेताने पुन्हा घट्ट केले होते.

तर या शेवटच्या मिलिग्रॅमसाठी नवे पदार्थ हवे आहेत. आता त्यांच्याकडे वळू.

गोष्ट शिकवण्यातून सुरू झाली, म्हणून सरांच्या नावाच्या व्याख्यानात ती यायलाच हवी. 1974 मध्ये मेलबर्न विद्यापीठात रॉब्सन पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी रेणूंच्या प्रतिकृती तयार करून घेत होते. लाकडी गोळे म्हणजे अणू, दांड्या म्हणजे बंध. कार्यशाळेला गोळ्यांत भोके पाडायला सांगायचे, तर कोणत्या गोळ्यात कुठे, हे आधी ठरवून द्यावे लागले. गोळे हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आले की भोकांच्या जागा ठरल्या की रचनाही ठरली. जोडणारा कोणीही असो, आकार तोच येणार. मग खऱ्या अणूंना असेच का वापरू नये? हा विचार त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ मनात ठेवला. 1989 मध्ये त्यांनी चार हातांचा एक सेंद्रिय रेणू आणि तांब्याचे आयन यांची हिऱ्यासारखी जाळी तयार करून दाखवली. हिऱ्यात अणू दाटीने असतात, या जाळीत मधे मोठाल्या पोकळ्या होत्या. पण ती डळमळीत होती, लवकर मोडे.

जपानमध्ये कितागावांनी 1997 मध्ये कोबाल्ट, निकेल किंवा जस्ताचे आयन घेऊन अशी त्रिमित रचना केली की तिच्या बोळांतून मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत-बाहेर करू शकले आणि रचना तशीच राहिली. जॉर्डनमध्ये पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात वाढलेल्या आणि पंधराव्या वर्षी अमेरिकेत गेलेल्या याघींनी 1995 मध्ये या पदार्थांना नाव दिले, मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क. आपण मॉफ म्हणू. 1999 चा त्यांचा मॉफ-5 जस्ताचा. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या भिंती पसरल्या तर हजारो चौरस मीटर भरतात आणि रिकामा असताना तो 300 अंश सेल्सिअस सोसतो.

क्षेत्रफळाचा हा आकडा ऐकून माणसे हरखतात. मी पाण्याच्या बाजूचा माणूस, माझ्या मनात लगेच शंका येते. क्षेत्रफळ वायूसाठी महत्त्वाचे. वायू भिंतीला नुसता टेकला तरी चालतो. पाण्यात मात्र प्रत्येक धातू-आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा असतो. नुसती भिंत दिसली म्हणून तो गराडा सोडून येत नाही. त्याला ओढून घेणारे काहीतरी भिंतीवर असावे लागते. शिवाय मॉफ-5 दमट हवेतच ढासळू लागतो. सांडपाण्यात त्याचा टिकाव लागणार नाही.

टिकाऊपणाचे उत्तर 2008 मध्ये ऑस्लो विद्यापीठातून आले. तिथल्या पदार्थाचे नाव यूआयओ-66. यात झिर्कोनियमच्या सहा अणूंचा एक सांधा असतो आणि त्याला बारा दांड्या जोडलेल्या असतात. झिर्कोनियम आणि ऑक्सिजनचा बंध इतका पक्का की पाणी तर सोडाच, सौम्य आम्लातही तो उभा राहतो. दांडी म्हणून वापरलेले टेरेफ्थॅलिक आम्ल तुमच्या ओळखीचे आहे: पाण्याची बाटली आणि टेरिलीनचा शर्ट यांतला तो एक कच्चा माल. टाकून दिलेल्या बाटल्यांतून हे आम्ल काढून यूआयओ-66 बनवण्याचे प्रयोगही झाले आहेत. हे सांगायचे कारण, ‘नोबेलचा पदार्थ’ म्हटले की तो सोन्याच्या भावाचाच असणार, असे वाटते. निदान त्यातली दांडी तरी तशी नाही.

आता ओढून घेणारे ते ‘काहीतरी’. राल्फ पिअर्सन यांनी 1963 मध्ये आयनांची विभागणी कठीण आणि मृदू अशी केली. कठीण कठिणाशी जमवतो, मृदू मृदूशी. कॅल्शियम कठीण, त्याचे ऑक्सिजनशी जमते. पारा मृदू, त्याचे गंधकाशी जमते. आपल्या वैद्यांना पिअर्सनची वाट पाहावी लागली नव्हती. पारा आणि गंधक खलात घोटले की पाऱ्याची चमक जाते आणि काळी कज्जली होते. निसर्गातही पारा हिंगूळ म्हणून सापडतो, म्हणजे गंधकाशी बांधलेलाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा म्हणून ब्रिटनमध्ये जे औषध तयार झाले, त्यातही गंधकाचे दोन हात होते. पुढे ते पाऱ्याच्या विषबाधेवरही वापरले गेले. मॉफच्या दांडीला असेच गंधकाचे हात लावायचे. 2013 मध्ये हाँगकाँगमधल्या गटाने झिर्कोनियमच्या मॉफवर हे केले आणि त्याने पाण्यातला पारा अत्यल्प पातळीपर्यंत खाली आणला.

मला स्वतःला अधिक आवडते ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संस्थेत वेंडी क्वीन यांच्या गटाने 2018 मध्ये केलेले काम. त्यांनी लोखंडाचा साधा मॉफ घेतला आणि त्याच्या पोकळ्यांत पॉलिडोपामिन हे बहुवारिक भरले. खडकाला चिकटून राहणारे शिंपले ज्या रसायनाच्या जोरावर लाटांना दाद देत नाहीत, त्याच कुळातले हे रसायन. या मिश्र पदार्थाचा एक ग्रॅम 1634 मिलिग्रॅम पारा आणि 394 मिलिग्रॅम शिसे धरतो. लिटरला एक मिलिग्रॅम धातू असलेल्या पाण्यातून त्याने 99.8 टक्क्यांहून अधिक काढून घेतला. आणि त्यांनी ही चाचणी ऱ्होन नदीच्या आणि भूमध्य समुद्राच्या पाण्यातही घेतली. माझ्या लेखी 1634 पेक्षा ही ऱ्होन नदी मोलाची. या क्षेत्रातले बहुतेक शोधनिबंध ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू, तोही भरपूर, विरघळवून केलेले असतात. तिथे कोणताही पदार्थ पहिला येतो. खऱ्या पाण्यात शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे हजारो असतात. दख्खनच्या बोअरवेलच्या पाण्याची किटली आतून पांढरी होते ती यामुळेच. त्या गर्दीतून शिसे तेवढे वेचता आले पाहिजे.

क्रोमियमची तऱ्हा वेगळी. सहा संयुजेचा क्रोमियम पाण्यात धन आयन म्हणून राहत नाही. ऑक्सिजन घेऊन तो क्रोमेट किंवा डायक्रोमेट हा ऋण आयन होतो. गंधकाचा हात त्याच्या उपयोगाचा नाही. त्याच्यासाठी चौकटच धनभारित करायची आणि तिच्या पोकळ्यांत दुसरा ऋण आयन बसवून ठेवायचा. क्रोमेट आला की आधीचा उठतो. पुण्यात पाषाणला असलेल्या आयसर या संस्थेत सुजित घोष यांच्या गटाने पाण्यात टिकणाऱ्या अशा धनभारित मॉफवर काम केले आहे. 2016 मध्ये त्यांनी मांडलेल्या पदार्थात सल्फेट उठून डायक्रोमेट बसतो. भोसरीपासून पाषाण किती लांब आहे हे पुणेकरांना मी सांगायला नको. तरीही प्रयोगशाळा आणि प्लेटिंगची शेड यांच्यामध्ये बरेच काही पडलेले आहे.

मॉफ बनतो तो पिठासारखा. पीठ नळकांड्यात भरले तर पाणी तुंबते, सोडले तर वाहून जाते. त्याच्या गोळ्या किंवा मणी करायचे तर बांधायला काहीतरी घालावे लागते आणि त्याने काही भोके बुजतात. काही मॉफ पाण्यात आपलाच धातू सोडतात. तांब्याचा किंवा क्रोमियमचा मॉफ घालून शिसे काढायचे आणि बदल्यात तांबे, क्रोमियम द्यायचे, हा सौदा कुणी करू नये. माझ्या मते पाण्यासाठी लोखंड आणि झिर्कोनियम यांपलीकडे फारसे जाऊ नये. बाकीचे निबंधापुरते ठीक आहेत.

पण सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न वेगळाच आहे. धातू धरला, पुढे काय? मूलद्रव्य नष्ट होत नाही हे आपण मघाशी पाहिले. मॉफ ते पाण्यातून उचलून स्वतःत ठेवतो, एवढेच. मग त्याला आम्लाने धुवायचे, म्हणजे धातू पुन्हा आम्लात उतरला. थोड्या पाण्यात जास्त धातू, ही सुधारणा खरी, पण ती बादली कुठे तरी गेलीच पाहिजे. इथे एक पेच आहे. गंधकाचा हात पाऱ्याला जितका घट्ट धरेल तितके पाणी स्वच्छ, आणि तितकाच तो सोडवायला कठीण. जोराचे आम्ल वापरावे तर प्रत्येक धुण्यात चौकट झिजते. म्हणून पकड किती घट्ट असावी हे धातूचे पुढे काय करायचे यावरून ठरवावे, असे मला वाटते. पारा पुन्हा कुणाला नको आहे. त्याला कायमचा धरणारा मॉफ करावा, एकदाच वापरावा आणि घट्ट बंद करून घातक कचऱ्याच्या जागी पुरावा. ट्रकभर ओल्या गाळापेक्षा किलोभर मणी पुरणे बरे. निकेलचे उलट. निकेल महाग आहे, प्लेटिंगवाल्याला तो टाकीत परत हवा आहे. तिथे पकड सैल हवी, सौम्य आम्लात सुटणारी, म्हणजे धुण्याच्या पाण्यातून निकेल उचलून पुन्हा टाकीत घालता येईल. क्षमतेच्या स्पर्धेत लिहिलेल्या निबंधांत हा विचार क्वचितच दिसतो. मिलिग्रॅम प्रति ग्रॅम हा आकडा मोठा आला की लेखक थांबतात.

पैशाचा प्रश्नही इथेच सुटतो किंवा अडतो. क्वीन यांच्याच गटाने 2018 मध्ये लोखंडाचा मॉफ आणि दुसरे बहुवारिक यांचा संयुक्त पदार्थ केला. तो ग्रॅममागे 934 मिलिग्रॅम सोने धरतो आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या द्रावणातून काढलेले सोने 23.9 कॅरेटचे निघाले. ही वाट बाजार स्वतःच चालेल. सराफकट्ट्यावरची धूळ गोळा करून तिच्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होते. त्यांना कुणी नियम लावून दिला नव्हता. शिशासाठी झारेकरी मिळत नाही. शिसे आणि कॅडमियम काढण्यात कुणाचा नफा नाही, म्हणून तिथे नियम, तपासणी आणि दंड लागतो. आणि स्वस्त पदार्थही लागतो. मद्रास आयआयटीचे थलाप्पिल प्रदीप यांनी आर्सेनिकसाठी लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडवर आधारलेला पदार्थ तयार केला आणि तो खेड्यापाड्यांतल्या पाण्याच्या टाक्यांवर बसला. तो मॉफ नाही. मॉफवाल्यांनी मुकाबला कुणाशी आहे हे लक्षात ठेवण्यासाठी त्याचे नाव घेतले.

यावर कुणी म्हणेल, यंत्र बसवून टाका, पुढचे पुढे. यंत्र बसवण्याचा एक इतिहास आहे. जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता गावात चिस्सो कंपनीचा ॲसिटाल्डिहाइडचा कारखाना होता. उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचा क्षार वापरत. 1932 पासून कारखान्याचे पाणी समुद्रात जात होते. मासे खाणाऱ्या कोळ्यांना कंप, दृष्टिदोष, वेडेवाकडे झटके येऊ लागले. त्याआधी मांजरे नाचल्यासारखी करत मरत होती. 1 मे 1956 रोजी रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली, ती कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी केली. 1959 मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. प्रयोगातल्या नोंदीत ते मांजर क्रमांक 400. त्याला तोच रोग झाला. कंपनीने प्रयोग थांबवायला लावले आणि निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही.

आणि त्याच वर्षी, डिसेंबर 1959 मध्ये, कंपनीने ‘सायक्लेटर’ नावाचे शुद्धीकरण यंत्र समारंभपूर्वक सुरू केले. कंपनीच्या अध्यक्षांनी यंत्रातून आलेले म्हणून पेलाभर पाणी सर्वांसमोर पिऊन दाखवले. पुढे उघड झाले की ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलेच नव्हते, आणि पारा असलेले पाणी त्या वेळी त्याच्यातून जातही नव्हते. लोकांचा राग शांत झाला, आणि पारा 1968 पर्यंत समुद्रात जात राहिला. तोही कंपनीला उपरती झाली म्हणून थांबला नाही. ती उत्पादनपद्धतच जुनी झाली होती.

सायक्लेटरच्या जागी उद्या मॉफचे नळकांडे बसवले, तरी यंत्रातून पाणी जाते का आणि बाहेर आलेल्या पाण्यात काय उरले, हे बघणारे कुणी नसेल तर तोच समारंभ पुन्हा होईल. आपल्या सांडपाणी केंद्रांवर सामू आणि सेंद्रिय घाण दाखवणारा सीओडी रोज मोजतात. पारा, शिसे, कॅडमियम यांचा नमुना बाटलीत भरून मोठे उपकरण असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी खाडीत पोचलेले असते.

म्हणून मला मॉफचा लवकर होण्यासारखा उपयोग वाटतो तो काढण्याचा नाही, मोजण्याचा. काही मॉफ अतिनील प्रकाशात चमकतात आणि ठरावीक धातू पोकळीत शिरला की त्यांची चमक मंदावते किंवा रंग बदलतो. सहा संयुजेचा क्रोमियम, पारा यांच्यासाठी असे पदार्थ प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. यासाठी किलोभर मॉफ लागत नाही, कागदाच्या पट्टीवर पुसण्याइतका पुरतो. पीठ तुंबत नाही, आम्लाचे धुणे नाही, पट्टी एकदाच वापरायची. चमक इतर धातूंनीही मंदावते, हा त्यातला दोष. दोन-तीन वेगवेगळ्या मॉफच्या पट्ट्या शेजारी ठेवून तो बराच कमी करता येईल. अशी पट्टी कारखानदाराच्या हातात, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निरीक्षकाच्या हातात, आणि नाल्याच्या कडेला राहणाऱ्या बाईच्या हातातही असू शकते.

काढण्याचा प्रयोग करायचा झाला तर निकेलपासून करावा, कारण तिथे प्लेटिंगवाल्याचा खर्च निघेल. धुण्याच्या पहिल्या टाकीवर एक लहान नळकांडे, आधी आणि नंतरचा नमुना, त्यातले कॅल्शियम मोजलेले, आणि मणी किती वेळा धुऊन वापरले याची वही. चुन्याची प्रक्रिया तशीच चालू ठेवायची. मॉफ तिच्या जागी येत नाही, तिच्यापुढे उभा राहतो. समोर काही उद्योजक बसलेले दिसतात. त्यांच्यापैकी कुणाला आपल्या शेडमध्ये अशी जागा द्यायची असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर भेटावे. मी इथेच आहे.